आत्याचे नवे पाय

आत्याच्या ट्रायपॉडचा पाय मी मोडला. फोटो काढताना मोडला असता तर निदान सांगायला तोंड राहिलं असतं. मी तो पडदा लावताना मोडला. तिच्या बाहेरच्या खोलीतला पडद्याचा दांडा एका बाजूने निखळून लोंबत होता. स्क्रू पिळायला माझे दोन्ही हात लागणार होते आणि दांड्याचं दुसरं टोक धरायला तिसरा हात देवाने दिलेला नव्हता. कोपऱ्यात ट्रायपॉड उभा होता. मी त्याचा मधला दांडा वर ओढला, त्यावर पडद्याचं ओझं टेकवलं आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होत स्क्रू ड्रायव्हर शोधायला आत गेलो. पडदे जाड कापडाचे, वर अस्तर लावलेले. मागून कट् असा आवाज आला. येऊन पाहतो तर पडदे जमिनीवर आणि त्यांच्याखाली ट्रायपॉड, एक पाय भलत्याच ठिकाणी वाकवून निजलेला.

आत्या स्वयंपाकघरातून आली. तिने पडदा बाजूला केला, मोडलेला पाय खिडकीच्या उजेडात धरला, आडवा-उभा फिरवून पाहिला आणि म्हणाली, "जुळणार नाही."

आत्याने उभी नोकरी इस्पितळाच्या एक्स-रे खात्यात काढली. त्यामुळे मोडण्याच्या बाबतीत तिच्या शब्दावर आमच्या घरात कुणी अपील करत नाही. आयुष्यभर तिने अनोळखी माणसांना एकच हुकूम दिला. हनुवटी वर, खांदे पुढे, श्वास घ्या, धरा, हलू नका. मोठमोठे तालेवार लोक तिच्यापुढे उघड्या अंगाने श्वास कोंडून उभे राहिलेले आहेत. हा हुकूम नोकरीबरोबर संपला नाही. कॅमेरा तिने नोकरीत असतानाच घेतला होता, आणि घरातल्या कुणाचाही फोटो काढताना ती तेच शब्द त्याच क्रमाने म्हणायची. आमचा सबंध अल्बम त्यामुळे गाल फुगवलेल्या माणसांचा आहे. माझ्या आईबाबांच्या लग्नाच्या वाढदिवसाच्या फोटोत दोघंही आता पाण्यात बुडी मारणार आहेत असं वाटतं. बाहेरचा कुणी अल्बम चाळायला लागला की आई आधीच सांगून ठेवते, "आमच्या वन्संनी काढलेत."

आता बाकीचंही सांगून टाकतो, कारण मोडलेल्या पायाचं खरं दुखणं तिथे आहे. अलीकडे आत्याचा हात थरथरायला लागला होता. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं काही नाही, पण जाणारही नाही. आत्याने पहिला अर्धा भाग ऐकला आणि दुसऱ्या अर्ध्याकडे दुर्लक्ष केलं. चहा ती अर्धाच कप घ्यायला लागली आणि कप उचलताना समोरच्याला असा काही प्रश्न विचारायची की त्याने तिच्या हाताकडे न बघता उत्तर शोधत बसावं. एकदा बाबा न राहवून म्हणाले की, हात फारच हलतो गं तुझा. तेव्हा ती म्हणाली, "हात हलतो, दादा. मी नाही हलत."

बाबा तिचे थोरले भाऊ. थोरलेपणाचा उपयोग त्यांनी आजवर तिच्यावर पुष्कळदा करून पाहिला आहे आणि प्रत्येक वेळी तो साभार परत आला आहे.

आत्याला दोन व्यसनं, डोंगर आणि कॅमेरा. सकाळी डोंगर चढणाऱ्या मंडळींची एक टोळी आहे, तिची ती जुनी सभासद. टोळीचा म्होरक्या एक निवृत्त बँक अधिकारी. गळ्यात शिट्टी घालतो म्हणून सगळे त्याला कप्तान म्हणतात. वर्षातून एकदा ही टोळी नेहमीची टेकडी सोडून पलीकडचा उंच डोंगर चढते, माथ्यावर सगळ्यांचा मिळून एक फोटो निघतो आणि तो वर्षभर सगळ्यांच्या घरात लागतो. हा फोटो काढण्याचं काम पहिल्यापासून आत्याचं. पण मागच्या खेपेला फोटोत प्रत्येकाला दोन-दोन नाकं आली. कप्तानाने ते वर्षभर भिंतीवर सहन केलं आणि यंदा चढाईची तारीख ठरवताना सगळ्यांसमोर, अगदी मायेने, सांगितलं की, या वेळी फोटो आपले दातांचे डॉक्टर मोबाइलवर काढतील. मग आत्याकडे वळून म्हणाला, "ताई, तुम्ही इतकी वर्षं फोटो काढलेत. आता तुम्ही फोटोत या."

आत्या काही बोलली नाही. आत्या बोलली नाही की आमच्याकडे जाणती माणसं खिडक्या लावून घेतात.

तिने त्याच दिवशी माळ्यावरचा जुना ट्रायपॉड काढला, पुसला, तेल दिलं आणि कोपऱ्यात उभा केला. आणि त्याच आठवड्यात तिच्या हुशार भाच्याला पडदे लावायची हुक्की आली.

"आत्या, मी नवीन आणून देतो," मी म्हणालो.

"तू आणणार नाहीस. आपण आणणार. तू बरोबर येशील आणि तोंड मिटून उभा राहशील."

दुकानात जाण्याआधी तिने फोनवर चौकशा सुरू केल्या. ट्रायपॉडवाल्यांची भाषा मोठी गमतीची असते. खालच्या भागाला ते पाय म्हणतात, वरच्या, कॅमेरा बसवायच्या भागाला डोकं. दोन्ही वेगवेगळं विकत मिळतं. आत्याने ही भाषा चटकन उचलली, पण ती घरात कुणाला शिकवायची राहिली. एका दुपारी बाबा तिच्याकडे आले तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं आणि आत फोन चालू होता. बाबांच्या कानावर जे पडलं ते त्यांनी मला जिन्यातूनच फोन करून, कुजबुजत, जसंच्या तसं सांगितलं. "पाय बारीक नकोत. चढताना वजन झेपलं पाहिजे. जुने? जुने मोडले, ते आता नाही होत दुरुस्त. हो, डोकं वेगळं घेईन, आधी पायांचं बघू."

"ही गुडघे बदलून घेतेय," बाबा म्हणाले, "आणि सख्ख्या भावाला सांगत नाही." डोक्याचा उलगडा त्यांना झाला नव्हता, पण तेही बदलणार असेल तर आपली हरकत नाही असं ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते औषधांच्या दुकानातून एक काठी घेऊन आत्याकडे हजर झाले. खाली चार पाय असलेली, रबराची बुचं लावलेली. मीही तिथेच होतो. आत्याने काठी हातात घेतली, उलटी केली, पाय मोजले.

"एक जास्त आहे," ती म्हणाली.

मग सगळा खुलासा झाला आणि बाबा नको तितके चिडले. माणूस काळजीने चिडतो तेव्हा मुद्दा सोडून सगळं बोलतो. वय काढलं, पायरीवरून घसरलेल्या कुठल्याशा चुलतबहिणीचा दाखला दिला, फोटो काय घरातही काढता येतात म्हणाले. आत्या म्हणाली, घरातही काढणार आहे, त्याच ट्रायपॉडवर. समोरच्या फुटपाथवर किल्ल्या बनवणारा बसतो, त्याचे हात काढायचे आहेत, आणि जिन्यात प्रत्येक दारापुढे पडलेल्या चपला काढायच्या आहेत. चपलांचे फोटो कोण काढतं, असं बाबांनी विचारलं. मी, असं आत्या म्हणाली.

शेवटी बाबांनी आपल्या मते हुकमाचा पत्ता टाकला. त्यांनी कप्तानाला फोन करून बजावलं की, हिचं सामान कुणीही उचलायचं नाही. मग आपोआप गप्प बसेल. कप्तान म्हणाला की, टोळीचा तसा नियमच आहे, ज्याचं ओझं त्याच्या पाठीवर. बाबांनी हे आत्याला विजयाने सांगितलं. ट्रायपॉड घेऊन वर जायचं तर स्वतः वाहून न्यायचा, नाहीतर इतरांसारखं ओळीत उभं राहून फोटोत यायचं. आत्या म्हणाली, "ठरलं." आणि चपला घालायला लागली.

दुकानदार माणूस वाईट नव्हता. चूक त्याने एकच केली. सगळं माझ्याकडे बघून बोलला. डोंगरासाठी म्हणजे हलका हवा, रोजच्यासाठी म्हणजे चटकन उघडणारा हवा, वाऱ्यात उभा राहायचा तर थोडा जड हवा आणि तिन्ही गोष्टी एकात मिळत नाहीत, कुठेतरी पडतं घ्यावंच लागतं, हे सगळं त्याने मला समजावलं. मी ठरल्याप्रमाणे तोंड मिटून उभा होतो. मग त्याने एक काळा, सडसडीत ट्रायपॉड काउंटरवर ठेवला आणि म्हणाला, "आजींसाठी हा हलका घ्या."

झालं. आत्याने त्या ट्रायपॉडकडे पाहिलंसुद्धा नाही.

"सगळ्यात जड कुठला आहे?"

दुकानदाराने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. त्याने भिंतीशी उभा असलेला एक दांडगा ट्रायपॉड दाखवला आणि सांगितलं की, हा स्टुडिओत ठेवायचा असतो, डोंगरावर कुणी नेत नाही. आत्या म्हणाली, बांधा. मी तोंड उघडलं, तिने बोट वर केलं, मी मिटलं. त्याच्यावरचं डोकंही तिथल्या तिथे घेतलं, गोळ्याचं. एक मळसूत्र सैल केलं की कॅमेरा हवा तिकडे वळतो असं. घरी येऊन सैल केलं तेव्हा कॅमेऱ्याने कंटाळवाण्या भाषणातल्या श्रोत्यासारखी धपकन मान टाकली.

आमची सरावाची टेकडी म्हणजे आत्याच्या इमारतीचा जिना. ती ट्रायपॉड पिशवीत घालून, पिशवी पाठीला लावून खालपासून गच्चीपर्यंत चढायची, गच्चीवर तो उघडायची, मिटायची आणि उतरायची. पहिल्या दिवशी ती अर्ध्यावर एका मजल्यावर थांबली आणि समोरच्या दारापुढच्या चपला न्याहाळत असल्याचं दाखवलं. दुसऱ्या दिवशीही तिला त्याच चपला आवडल्या. तिसऱ्यांदा त्या घरातल्या बाईंनी दार उघडून विचारलं की, आमच्या चपलांत काही आहे का. गच्चीवर तर याहून वाईट. पायांचे जोड पिळून सैल करायचे होते, आणि पिळायचं म्हटलं की तिची बोटं जास्तच थरथरत. एक पाय उघडेपर्यंत दुसऱ्या कुणी फोटो काढून, धुऊन, भिंतीवर लावला असता.

मला बोलायची बंदीच होती. ती पायरीवर बसली आणि तिने ट्रायपॉड मांडीवर आडवा घेतला. आत्याचं तोंड असं पडलेलं मी क्वचित पाहिलं होतं.

मग म्हणाली, "हा मी त्या दुकानदारावरच्या रागाने घेतला."

"हो."

"तुला कुणी विचारलं?"

दुसऱ्या दिवशी आम्ही परत त्याच दुकानात. आत्याने दांडगोबा काउंटरवर ठेवला आणि म्हणाली की, हा बदलून द्या, चूक माझी आहे, पण मला आजींसाठीचा दाखवू नका, डोंगरासाठीचा दाखवा. दुकानदार आतल्या खोलीत गेला, तिथे थोडी खुडबुड केली आणि एक काळा, सडसडीत ट्रायपॉड घेऊन आला. "हा डोंगरासाठीचा," तो म्हणाला, आणि या वेळी तो आत्याकडे बघून म्हणाला.

आत्या म्हणाली, "तोच आहे, मला दिसतंय. पण बोलणं सुधारलंत. उघडा."

पुढचा बराच वेळ ती दोघं त्या ट्रायपॉडवर अशी भांडली की मला आनंद झाला. ती म्हणाली, पिळायचे जोड नकोत, खटक्याचे दाखवा. त्याने खटक्याचे पाय आणले. तिने बोटं वापरलीच नाहीत, तळहाताच्या टाचेने एकेक खटका उघडला आणि तसाच मारून बंद केला. तो म्हणाला, खटके झुडपात अडकतात. ती म्हणाली, मी झुडपात फोटो काढत नाही. तो म्हणाला, मधला दांडा वर घेतलात तर हलेल. ती म्हणाली, मग घेत नाही वर, मी बुटकी आहे. पाय जिन्याच्या दोन पायऱ्यांवर लहान-मोठे करून उभे राहतात का, ते तिने दुकानाच्या दारातल्या पायऱ्यांवरच पाहिलं आणि येणारी-जाणारी गिऱ्हाइकं वळसा घालून गेली. डोकं तिने दांडीचं घेतलं. त्यात वर-खाली वेगळं आणि डावं-उजवं वेगळं, एका वेळी एकच. दुकानदार म्हणाला, हे पिशवीत आडवं येतं, हल्ली कुणी घेत नाही. आत्या म्हणाली, हल्लीचे लोक काय घेतात ते मला सांगू नका, माझा हात आधीच चारी दिशांना जातो, निदान डोक्याने तरी एका दिशेला जावं. तो हसला. मग त्याने आपणहून कॅमेरा हातात घेऊन टायमर दाखवला. बटण दाबायचं, हात काढून घ्यायचा, फोटो मागून निघतो. हे मात्र तिला माहीत नव्हतं. तिने ते पुन्हा पुन्हा करून पाहिलं. हात थरथरत बटणावर जायचा, थरथरत परत यायचा, आणि तो घरी पोचल्यावर मग कॅमेरा शांतपणे डोळा मिटायचा.

चढाईच्या दिवशी मी बरोबर गेलो. बाबांनी मला वेगळं बाजूला घेऊन सांगितलं होतं की, नियम-बियम काही नाही, दमली की गुपचूप पिशवी घे. मी दोनदा विचारलं. पहिल्यांदा ती नाही म्हणाली. दुसऱ्यांदा तिने फक्त माझ्याकडे पाहिलं, आणि एक्स-रे खात्यात माणसं श्वास का धरत असतील ते मला कळलं. ती सगळ्यांच्या मागे होती, हे खरं. वाटेत ती पुष्कळदा थांबली, हेही खरं. पण तिथे चपला नव्हत्या, आणि तिने काही बघत असल्याचं सोंगही केलं नाही. थांबायची, दम खायची, पिशवीचा पट्टा खांद्यावर सरकवायची आणि चालू लागायची.

आम्ही माथ्यावर पोचलो तेव्हा मंडळींचा मोबाइलवरचा फोटो काढून झालेला होता. तो चांगला आला होता, हे सांगितलं पाहिजे. दातांच्या डॉक्टरांनी तो आत्याला दाखवलाही. तिने नीट पाहिला, छान आहे म्हणाली, आणि पाठीवरची पिशवी उतरवून ट्रायपॉड काढला.

"ताई, फोटो झालाय," कप्तान म्हणाला. "वारा फार आहे, आता उतरायला हवं."

"तुमचा झालाय," आत्या म्हणाली. "माझा राहिलाय."

माथ्यावर वारा असा होता की कप्तानाची शिट्टी कुणी न फुंकता वाजत होती. आत्याने खटके मारत पाय उघडले, कॅमेरा चढवला. सबंध ट्रायपॉड तारेसारखा झंकारायला लागला. तिने खालच्या आकड्याला आपली पिशवी लटकवली, तर पिशवी झोके घ्यायला लागली आणि ट्रायपॉडही तिच्या तालावर. टोळीतून कुणीतरी हसलं. कुणीतरी म्हणालं की, अहो, भाचा धरेल ना घट्ट. मी पुढे झालो.

"मागे हो," आत्या म्हणाली. मी टोळीच्या कडेला जाऊन उभा राहिलो.

तिने पिशवी काढली. पायांचे खालचे खण पुन्हा आत सारले, पाय रुंद फाकवले आणि ट्रायपॉड गुडघ्याएवढा बुटका केला. मग ती स्वतः त्याच्यामागे खडकावर गुडघे टेकून बसली. तेच ते गुडघे, ज्यांच्यासाठी बाबा काठी घेऊन आले होते. वाकून तिने कॅमेऱ्यात पाहिलं, दांडी थोडी वर केली, थोडी डावीकडे नेली.

"उंच माणसं मागे," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण सबंध टोळी हलली आणि उंच माणसं मागे गेली. "कप्तान, शिट्टी आत घाला. हनुवटी वर. खांदे पुढे. श्वास घ्या."

वाऱ्यातसुद्धा मला वीस-पंचवीस छात्या फुगल्याचं ऐकू आलं.

"धरा. हलू नका."

बटण दाबून तिने हात मागे घेतला आणि दुसऱ्या हाताने मनगट पोटाशी धरलं. तेवढ्यात वाऱ्याचा एक झोत आला. ट्रायपॉडचा जवळचा पाय खडकावरून उचलल्यासारखा मला वाटला. कॅमेऱ्याचा खटका वाजला.

गुडघ्यांवरून उठताना ती कण्हली. कप्तानाने हात पुढे केला, तो तिने घेतला, उभी राहिली आणि सोडला. मग सगळे तिच्याभोवती जमले. कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो आला. कप्तानाने चष्मा वर केला, फोटो मोठा करून घेतला, एकेका चेहऱ्यावरून नेला. प्रत्येकाला एकच नाक होतं. गाल सगळ्यांचे फुगलेले होते, पण पापणीन् पापणी मोजून घ्यावी. कप्तान म्हणाला की, ताई, भिंतीवर हाच लावावा म्हणतो. आत्या म्हणाली, लावा, आणि खटके बंद करायला लागली.

मी स्वतःला शोधत होतो. कडेला, कप्तानाच्या शेजारी सापडलो. सगळे पुतळ्यासारखे स्वच्छ आणि मी एकटा धुक्यातून धावत आल्यासारखा, एक हात पुढे, नाकं दोन.

"आत्या," मी म्हणालो, "इथे जरा ट्रायपॉड हलला वाटतं."

"तू हललास."